कंबर आपली, माप कोणाचं?

कंबरदुखी घेऊन आपली बाई दवाखान्यात जाते तेव्हा तिला तीन गोष्टी मिळतात: दुखणं कमी करणाऱ्या गोळ्या, कॅल्शियम आणि सल्ला. सल्ला ठरलेला असतो. वाकू नका, जड उचलू नका, जमिनीवर बसू नका. गोळ्या आठ दिवस पुरतात. सल्ला त्याच संध्याकाळी संपतो. कारण घरी नळ जमिनीपासून हातभर उंचीवर असतो, त्याच्याखाली हंडा लावायचा तर वाकावं लागतं. भरलेला हंडा जमिनीवरूनच उचलावा लागतो. भांडी मोरीत उकिडवं बसून घासावी लागतात. दुपारी फॉल-बिडिंगचं काम येतं, ते मांडी घालून मान खाली घालून करावं लागतं. डॉक्टर सांगतात ते खोटं नसतं. पण त्यांनी तिचं घर पाहिलेलं नसतं, आणि तिला कामाचं कुणी विचारलेलं नसतं.

नळ किती उंच असावा हे कोणी ठरवलं? प्लंबरनं. ओटा किती उंच? मिस्त्रीनं. संडासाचं दार आत उघडेल की बाहेर? ठेकेदारानं. झाडूचा दांडा केवढा? कंत्राट देणाऱ्या साहेबानं. यातल्या एकालाही त्या जागेत रोज वाकायचं नसतं. जी वाकते तिला विचारायची पद्धतच नाही. आम्ही या पानावर आज लिहितो आहोत ते एवढ्याचसाठी की, जागा आणि काम तपासायचा पहिला अधिकार ती वापरणाऱ्याचा आहे, आणि ही तपासणी वस्तीतल्या बायका स्वतः करू शकतात. त्याला इंजिनिअर लागत नाही. मोजपट्टी, वही आणि टिकलीची दोन पाकिटं लागतात.

टिकल्या कशाला, ते सांगतो. बैठकीत आम्ही एका मोठ्या खाकी कागदावर बाईची आकृती काढतो, पुढून एक, पाठीमागून एक. मग एकेकीनं पुढं यायचं आणि आपलं जिथं दुखतं तिथं टिकली लावायची. नाव लिहायचं नाही, बोलायचं नाही. सुरुवातीला लाजतात. अर्ध्या तासात कमरेच्या जागी कागद दिसेनासा होतो. मग दोन्ही गुडघे, मग मान, मग उजवं मनगट. कुणी तरी हळूच ओटीपोटाखाली टिकली लावते. अंग बाहेर येणं, लघवीला जळजळ, खोकताना लघवी सुटणं, हे दुखणं नवऱ्याला काय, आईलाही सांगितलेलं नसतं. एका बैठकीत एक मावशी कागदाकडं बघत म्हणाल्या, "सिस्टर, मला वाटायचं माझंच शरीर वाईट आहे." कागदावर सगळ्यांच्या टिकल्या एकाच जागी आल्या की शरीर वाईट नाही हे कुणी समजावून सांगावं लागत नाही. सगळ्यांची कंबर एकाच जागी दुखते म्हणजे सगळ्या एकसारखं काही तरी करतात.

मग दुसरा कागद. त्यावर घराचा नकाशा. मोरी, ओटा, माळा, शिडी, पाण्याचं पिंप, शिलाई मशीन, खिडकी असली तर खिडकी. आता टिकली तिथं लावायची जिथं काम करताना दुखणं सुरू होतं. या दोन कागदांच्या मध्ये उभं राहिलं की अर्धं निदान झालेलं असतं. नंतर मोजपट्टी घेऊन दोन-तीन घरांत प्रत्यक्ष जायचं. धम्मवंदनेत आपण एहिपस्सिको म्हणतो, या आणि स्वतः पाहा. आम्हाला तर हा शब्द आरोग्यसेविकेच्या कामाचं वर्णन वाटतो.

ओट्याचं उदाहरण घेऊ. सरळ उभं राहून हात कोपरात काटकोनात वाकवा. जमिनीपासून कोपरापर्यंत माप घ्या. पाच फूट उंचीच्या बाईचं कोपर साधारण ३७-३८ इंचांवर येतं. भाजी चिरण्यासारखं हलकं काम कोपराच्या दोन ते चार इंच खाली सोयीचं पडतं. कणीक मळायला जोर लागतो, त्यासाठी जागा आणखी खाली हवी, कोपराखाली सहा ते आठ इंच. आता समजा ओटा ३३ इंचांचा आहे. चिरायला ठीक. पण त्याच ओट्यावर पाच इंचांची शेगडी आणि तिच्यावर नऊ इंचांचं पातेलं ठेवलं की पातेल्याचा काठ ४७ इंचांवर जातो, म्हणजे जवळजवळ खांद्याला. वरण ढवळताना हात उचलून धरावा लागतो आणि खांदा दुखतो. बाई म्हणते, वय झालं. वयाचा इथं फार संबंध नाही. शेगडीपुरता ओट्याचा तुकडा पाच-सहा इंच खाली बांधला असता तर हे झालं नसतं. (शेगडी सिलिंडरच्या उंचीपेक्षा वर राहिली पाहिजे, हे मात्र सोडायचं नाही.) ओटा बांधून झालेला असेल तर रुंद, न हलणारा पाट पायाखाली घ्यावा. सासू ठेंगणी आणि सून उंच असेल तर ओटा सुनेच्या मापाचा बांधावा आणि सासूबाईंना पाट द्यावा. उलटं केलं तर सून जन्मभर वाकेल, तिच्यासाठी पाटाचा उपाय नाही.

पाण्याचंही तसंच. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. वीस लिटरचा कॅन म्हणजे वीस किलो, आणि असे कॅन दिवसाला किती, ते प्रत्येकीनं आपलं मोजावं. ओझं अंगाजवळ धरून कमरेच्या उंचीवरून उचललं तर कण्याला झेपतं. तेच ओझं जमिनीवरून, हात लांब करून, कंबर वळवून उचललं की मणक्यांमधल्या गादीवर फार मोठा दाब येतो. तेव्हा नळाखाली गुडघ्याएवढा कट्टा बांधायचा. सिमेंटचं अर्धं पोतं आणि काही विटा लागतात. नळ त्या प्रमाणात वर घ्यायचा. घरातल्या पिंपाला खाली तोटी बसवून पिंप स्टँडवर ठेवायचं, म्हणजे पाणी काढायला पिंपात वाकून हात घालावा लागत नाही. एका मोठ्या कॅनऐवजी दोन लहान, दोन्ही हातांत सारखे. आणि घरातल्या मुलग्यालाही दोन हात असतात, हे पुन्हा एकदा सांगायला हरकत नाही.

विदर्भात आपल्या कितीतरी भगिनींनी विड्या वळून मुलं शिकवली, अजूनही शिकवतात. शहरात तेच काम राख्या, कानातले, पापड, शिवणकाम या रूपात घरात येतं. मालकाला जागेचं भाडं नाही, विजेचं बिल नाही, खुर्ची द्यायची नाही. म्हणजे आपलं दहा बाय दहाचं घर हाच कारखाना, पण त्याला कारखान्याचा एकही नियम लागू नाही. १९४८ च्या कारखाने कायद्यात उजेड, हवा, पिण्याचं पाणी, उभ्यानं काम करणाऱ्याला बसायची सोय, किती वजन उचलायला लावायचं याची मर्यादा, सगळ्याची कलमं होती. घरात बसून तेच काम करणारी बाई त्या कलमांच्या बाहेर राहिली. तिच्यासाठी आम्ही इतकंच सांगू शकतो की सूप किंवा कामाचं ताट मांडीत न ठेवता चौरंगावर घ्या म्हणजे मान कमी वाकेल. पाठ भिंतीला टेकवा, मध्ये गोधडीची घडी ठेवा. मशीन खिडकीजवळ सरकवा. अर्ध्या तासानं उठा, चार पावलं चाला. यानं दुखणं कमी होतं. पण पीसरेट इतका कमी असेल की उठलं की पैसे बुडतात, तर उठणार कोण? तो प्रश्न चौरंगानं सुटत नाही, तिथं संघटनाच लागते.

संघटना आणि शरीर यांचं नातं समजायला दोन गोष्टी सांगतो, दोन्ही खऱ्या. अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या शेतांत मजुरांना, बहुतेक मेक्सिकन वंशाच्या, आखूड दांड्याचं कुदळं दिलं जाई. दांडा दोन फुटांहूनही कमी. दिवसभर कंबरेत दुमडून लेट्यूस आणि बीटची रोपं विरळ करायची. मजूर त्याला एल कोर्तितो म्हणत, म्हणजे आखुडं. मालकांचं म्हणणं, लांब दांड्यानं काम बारकाईनं होत नाही, पीक खराब होतं. १९७२ मध्ये मजुरांनी सरकारकडं दाद मागितली. डॉक्टरांनी मणक्याच्या नुकसानाची साक्ष दिली, मजुरांनी आपल्या पाठीची. १९७५ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय मजुरांच्या बाजूनं लागला आणि आखूड दांडा बंद झाला. त्यानंतरही लेट्यूस पिकतंच आहे.

"लांब दांड्यानं कोपरे निघत नाहीत", "फरशी हातानं पुसली की कशी लख्ख होते", ही वाक्यं आपल्या घरकामगार बहिणी रोज ऐकतात. मालकांची भाषा सगळ्या देशांत सारखीच. सफाई कामगार बंधू-भगिनींच्या हातातल्या खराट्याचा दांडा बघा. तो छातीपर्यंत यायला हवा, म्हणजे ताठ उभं राहून झाडता येतं. अनेकजण पदरचे पैसे घालून बांबू बांधून घेतात. स्वतःच्या कमरेसाठी स्वतः शोधलेला उपाय आहे तो. तो मागणीपत्रात लिहायला हवा. सोबत हातगाडीची चाकं, हजेरी चौकीत बायकांना कपडे बदलायची जागा आणि संडास.

दुसरी गोष्ट केरळची. कोळिकोडच्या कापडदुकानांत काम करणाऱ्या बायकांना दिवसभर बसायची बंदी होती. गिऱ्हाईक नसलं तरी उभंच राहायचं. लघवीला जायची सोय नाही म्हणून पाणी प्यायचं नाही. पाय सुजणं, शिरा फुगणं, लघवीचे संसर्ग. पी. विजी या शिवणकाम करणाऱ्या बाईंनी या दुकानांतल्या बायकांना एकत्र केलं. आधी संडास मागितला, मग बसण्याचा हक्क. २०१८ मध्ये केरळनं दुकानांच्या कायद्यात दुरुस्ती करून बसायची सोय बंधनकारक केली, २०२१ मध्ये तमिळनाडूनंही केली. आपल्या वस्तीतल्या किती मुली मॉलमध्ये आणि साडीच्या दुकानात उभ्या आहेत! त्यांच्या आयांनी एकदा मुलीचे पाय संध्याकाळी दाबून बघावेत, घोट्यावर बोटाचा खड्डा राहतो का.

संडासाचा विषय निघालाच आहे तर तिथं थोडं थांबू, कारण वस्तीतली बाई पाणी कमी पिते ती याच कारणानं. रांग नको, रात्रीचा अंधार नको, म्हणून लघवी दाबून ठेवायची. त्यातून लघवीचा संसर्ग, बद्धकोष्ठ, मूळव्याध, मुतखडा. स्वच्छ भारत अभियानाच्या निकषात सामूहिक संडासात २५ बायकांमागे एक आणि ३५ पुरुषांमागे एक सीट धरली आहे. आपल्या वस्तीत मोजून बघा. पण नुसत्या सीटा मोजून भागत नाही. पुण्यात १९९९ मध्ये रत्नाकर गायकवाड आयुक्त असताना वस्त्यांतले संडास बांधायचं काम संस्थांना दिलं गेलं. त्यातले बरेच महिला मिलन, झोपडपट्टीवासीयांचा राष्ट्रीय महासंघ आणि स्पार्क यांनी मिळून बांधले. महिला मिलन ही फुटपाथ आणि झोपडपट्टीतल्या बायकांचीच संघटना. त्यामुळं आराखड्यात अशा गोष्टी आल्या ज्या ऑफिसात बसून सुचत नाहीत. रांगेत मोठी माणसं लहान मुलांना मागं ढकलतात, म्हणून मुलांसाठी वेगळे संडास. मुलांना मोठ्या भोकात पडायची भीती वाटते, म्हणून लहान पॅन आणि धरायला दांडा. बायका-पुरुषांची दारं वेगळी. दार आत-बाहेर दोन्हीकडं उघडणारं, म्हणजे पाण्याची बादली घेऊन शिरताना दाराशी अंग घासत नाही. पाण्याची मोठी टाकी. देखभाल करणाऱ्या कुटुंबाला राहायला खोली. सगळीकडं सारखं चांगलं झालं, सारखं टिकलं असं नाही. पण मुलाला भोकाची भीती वाटते ही गोष्ट आईनंच सांगावी लागली, हे आम्हाला महत्त्वाचं वाटतं.

याच बायकांच्या भायखळ्यातल्या मैत्रिणींनी १९८० च्या दशकात, स्वतः फुटपाथवर राहत असताना, कापड आणि लाकूड वापरून खऱ्या मापाची घरं उभी करून बघितली होती. आत शिरायचं, चूल कुठं, झोपायचं कुठं, हात कुठं पोचतो ते बघायचं. त्यातून चौदा फूट उंचीच्या आणि आत माळा असलेल्या घराची मागणी पुढं आली.

हे आज सांगायचं कारण आहे. ठिकठिकाणी पुनर्विकासाचे कागद सह्यांसाठी फिरत आहेत. मुंबईत झोपडपट्टी पुनर्वसनाच्या घराचं माप आधी २२५ चौरस फूट होतं, मग २६९, आता ३००. बैठकांत सगळी चर्चा याच आकड्यावर होते. पण दोन इमारतींमध्ये अंतर किती, खिडकी कोणत्या भिंतीला, खालच्या मजल्यावर दुपारी दिवा न लावता वाचता येईल का, लिफ्ट बंद पडली तर सातव्या मजल्यावरची म्हातारी काय करेल, हे कुणी विचारत नाही. मुंबईच्या एम-पूर्व विभागातल्या लल्लुभाई कंपाऊंड, नटवर पारेख कंपाऊंड आणि पीएमजी कॉलनी या तीन वसाहतींचा अभ्यास झालेला आहे. इमारती एकमेकींना चिकटून असल्यामुळं जिथं खालच्या मजल्यांवर उजेड आणि वारा पोचत नाही, तिथं क्षयरोगाचा भार जास्त दिसला. पक्कं घर मिळालं आणि त्याबरोबर टीबी मिळाला, असं होऊ नये. म्हणून सही करण्याआधी नकाशा मागा. विहारासमोरच्या मोकळ्या जागेत चुन्यानं तो खऱ्या मापात आखा. त्यात उभ्या राहा, बसा, झोपा. खाट ठेवून बघा. गरोदर सुनेला आणि कुबडी घेणाऱ्या काकांना त्या रेषांमधून चालायला लावा. मग तुम्हीच सांगाल काय हवं.

बाबासाहेबांनी राजगृह बांधलं तेव्हा त्यांना काय हवं होतं ते पक्कं ठाऊक होतं. ग्रंथांना जागा हवी होती, म्हणून वरचा मजला ग्रंथालयाचा आणि कुटुंब खाली. मजूरमंत्री असताना, डिसेंबर १९४३ मध्ये, ते कोळसाखाणींच्या भागात गेले, तर कचेरीत अहवाल वाचून परतले नाहीत. खाणीत खाली उतरले, मजुरांच्या खोल्या पाहिल्या. आपल्या वॉर्डातल्या अधिकाऱ्याला संडास बघायला या म्हणताना संकोच वाटत असेल त्यांनी हे आठवावं.

वर्षावासात बायका विहारात रोज जमतातच. ग्रंथवाचनानंतरचा एक तास, आठवड्यातून एकदा, या कामाला द्या. पहिल्या आठवड्यात टिकल्यांचा कागद, दुसऱ्या आठवड्यात घरं आणि संडास. मग तीन याद्या करा. आजच करता येईल असं, ज्याला थोडा पैसा लागेल असं आणि जे महापालिकेकडं, बिल्डरकडं किंवा मालकाकडं मागायचं असं. पुरुषांचा कागद वेगळा ठेवा. नाक्यावर काम करणारे, हमाली करणारे, रिक्षा चालवणारे बंधू बायकांसमोर दुखणं कबूल करत नाहीत. ते दुखणं संध्याकाळी बाटलीत बुडवलं जातं, हे आपल्याला माहीत आहे.

आणि तोवर दवाखान्यात जाल तेव्हा डॉक्टरांना गोळी लिहायच्या आधी सांगा की मी काय काम करते, किती तास, कशी बसून, किती वजन उचलून. ते कागदावर लिहायला सांगा. मेडिकलवरून दुखण्याची गोळी परस्पर आणून महिनोन्‌महिने खाऊ नका, पोटात अल्सर होतो आणि मूत्रपिंडाला इजा पोचते. कमरेतून कळ पायाच्या बोटांपर्यंत जात असेल, पाय बधिर किंवा अशक्त होत असेल, दुखण्याबरोबर ताप येत असेल किंवा वजन घटत असेल तर कट्टा आणि पाट करत बसू नका, तपासून घ्या. मणक्यालाही टीबी होतो. मांड्यांच्या मधली जागा बधिर झाली, लघवी किंवा शौचावरचा ताबा अचानक गेला, तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, मोठ्या सरकारी रुग्णालयात जा.